एक्केचाळीस नंबरचं जांभूळ

चिखलदरा
९ मार्च २००४

गफ्फारचाचा,

जयभीम आणि सलाम, दोन्ही घ्या. पार्सल बघून चाचीला वाटेल पोरीनं मध पाठवला. आत फक्त सात ढलप्या आहेत, प्रत्येकीला दोऱ्यानं नंबर बांधलेला. हसू नका. कुठली ढलपी कशाची आणि ते झाड मरून किती दिवस झाले, एवढं मला लिहून पाठवा.

मी इथे काय करते हे आईला अजून नीट समजलेलं नाही. मूर्तिजापुरात ती शेजारणींना सांगते, "पोरगी जंगलात नोकरीले हाय." खरं म्हणजे विद्यापीठाच्या कामासाठी मी मेलेली झाडं मोजते. या दिवसांत सगळा मेळघाट पानं झडून उघडा पडतो, पण चिखलदऱ्याच्या खाली एका दरीत ओढा कधी आटत नाही. तिथे जांभूळ, आंबा, करंज अशी बारा महिने हिरवी राहणारी दाटी आहे. त्या दाटीत जे झाड मेलं, उभं असो की आडवं, त्याला पत्र्याचा बिल्ला ठोकायचा, घेर मोजायचा, किती कुजलं ते लिहायचं. अभयारण्यातून मेलेलं लाकूडसुद्धा उचलू देत नाहीत, म्हणून ते जागच्या जागी माती होतं. आणि माती होईपर्यंत त्यात किती जण राहून घेतात म्हणून सांगू! घुबड, सुतारपक्षी, विंचू, अळंबी. परवा एका आडव्या खोडावर जांभळाचीच अकरा रोपं उगवलेली दिसली. मला खूप आनंद झाला. सुगत म्हणाला, "ताई, तुले कायचाबी आनंद होते."

हो, सुगत इथे माझ्याजवळ आहे. तुमच्या हाताखाली सहा वर्षं शिकला, पण आता सुताराला काम कोण देणार? दोन वर्षं कापूस गेला, तर लोकांनी पोरींची लग्नंच पुढे ढकलली. पलंग नाही, कपाट नाही, दार नाही. म्हणून मीच धाकट्या भावाला इकडे आणलं. तो फीत धरतो, मी लिहिते.

बाबा असते तर त्यांना विचारलं असतं. ते आणि तुम्ही एका आरामशीनवर तीस वर्षं समोरासमोर ओंडका धरून उभे राहिलात. म्हणून हक्कानं तुम्हाला विचारते.

तुमची
नीलम


अकोला
२१ मार्च २००४

नीलम बेटा,

दुवा. तुझ्या चाचीनं, जैनबबीनं, तुझं पार्सल उघडलं, हुंगलं आणि चुलीजवळ नेऊन ठेवलं. मी वेळेवर आलो म्हणून तुझी विद्या वाचली.

एक आणि पाच आंबा. एक दोन पावसाळ्यांचा, पाच बराच जुना, नखानं भुगा होतो. चार नंबर जिभेवर ठेवला, कडू लागला, करंज आहे. बाकीचं वेगळ्या कागदावर लिहिलं आहे. कसं ओळखता असं विचारू नकोस, मला सांगता येणार नाही. दाबायचं, वाजवायचं, हुंगायचं. तुझा बाप श्रावण तर ओंडका ट्रकवरून खाली पडतानाच्या आवाजावर सांगायचा की आत पोकळ आहे. मी त्याच्याहून जरा कमी, पण अकोल्यात आता माझ्याएवढाही कोणी राहिला नाही.

आमच्याकडे सागवान येत नाही आजकाल. काय येतं सांगू? बैलगाड्या. बैल विकले, मग गाडी कशाला सांभाळायची? बाभळीची चाकं, जू, वखर, सगळं जळणाच्या भावात येतं. परवा एक गाडी आली ती मीच बनवलेली होती. आपल्या हाताचं काम माणूस ओळखतो. तिचा मालक माझ्याकडे न पाहता म्हणाला, "चाचा, फाडा." फाडली. त्या दिवशी दुपारचा डबा तसाच घरी आणला.

सुगतला सांग, त्याच्यासारखा हात मी दुसऱ्या कोणाचा पाहिला नाही. माझा मुजम्मिल मोबाइलच्या दुकानात बसतो, त्याला लाकडाची ऊब नाही. सुगतला आहे. दिवस पालटले की परत ये म्हणावं.

अब्दुल गफ्फार


चिखलदरा
४ जून २००४

चाचा,

तुम्ही ओळखलेल्या सातही ढलप्या बरोबर निघाल्या. आमच्या सरांनी प्रयोगशाळेत तपासून पाहिल्या आणि विचारलं, "हे गृहस्थ कुठल्या संस्थेत असतात?" मी म्हटलं, अकोल्याच्या आरामशीनवर. सुगत तेव्हापासून छाती काढून फिरतो आहे.

आज वेगळ्याच कामासाठी लिहिते आहे. पावसाळ्यात ओढा चढतो, म्हणून तंबू काठावरून वर हलवायचा आहे. दरीत सपाट जागा एकच आहे, आणि तिच्या डोक्यावर आमचं एक्केचाळीस नंबरचं झाड उभं आहे. मेलेलं जांभूळ. दोघांनी हात धरले तरी कवेत येत नाही. साल गळून गेली आहे, वरच्या ढोलीत घुबडाची जोडी आहे. ते पाडता येत नाही, आणि पाडू दिलं तरी मी पाडणार नाही. वनमजूर नत्थुजी आमच्यासोबत असतात, ते म्हणतात, "पडाचं असतं तं कवाच पडलं असतं." पण त्यांच्या म्हणण्यावर मला भरवसा वाटत नाही.

सुगतनं खोडाला छातीएवढ्या उंचीवर पटाशी मारून आतपर्यंतचा तुकडा काढला आहे. सोबत पाठवते. हे झाड उभं राहील का, तेवढं सांगा. तुम्ही हो म्हणालात तर तंबू तिथेच लावू, नाही म्हणालात तर रोज दीड तास चढून वरच्या गावात झोपायला जाऊ. सुगतला चढ नको आहे, हे वेगळं सांगायला नको.

नीलम


अकोला
१२ जून २००४

नीलम बेटा,

तुकडा पाहिला. ऐरणीवर ठेवून हातोडीनं वाजवला, पाण्यात बुडवून दोन दिवस ठेवला, पुन्हा वाजवला. आवाज तोच. गाभा लाल, घट्ट, एक कीड नाही.

जांभळाची गोष्ट तुला माहीत नसेल. विहीर बांधताना सगळ्यात खाली जांभळाचं कडं ठेवतात आणि त्याच्यावर अख्खी विहीर रचतात. आजोबांनी घातलेलं कडं नातू गाळ काढायला उतरतो तेव्हा जसंच्या तसं सापडतं. पाण्यानं जे सडत नाही ते तुमच्या पावसानं काय सडणार?

दहा वर्षं ते झाड जागचं हलत नाही. गफ्फारच्या शब्दावर बिनघोर झोपा. आणि त्या आळशाला सांग, चढ वाचवला म्हणून ईदेला मला भेटायला यायचं.

अब्दुल गफ्फार


अकोला
२८ जुलै २००४

नीलम बेटा,

मूर्तिजापुरात तुझ्याशी बोलता आलं नाही. तू भिंतीकडे तोंड करून बसली होतीस. पंचफुलावहिनी येईल त्याला एकच विचारत होती, "जेवला व्हता का माहा सुगत?" मी खांदा दिला, माती दिली आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आलो. सव्वीस वर्षांचं पोर. माझ्या हाताखाली आला तेव्हा त्याला करवत धरता येत नव्हती.

लोक म्हणत होते, झाड पडलं. मी "कोणतं" म्हणून विचारायला दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. तिथे विचारण्याची हिंमत झाली नाही.

सतरा दिवस झाले. जेवण सुटलं आहे. मशीनवर जातो आणि बसून राहतो. बेटा, मला लांबलचक लिहू नकोस. एका ओळीत लिही. ते एक्केचाळीस नंबर होतं का?

अब्दुल गफ्फार


चिखलदरा
९ ऑगस्ट २००४

चाचा,

नाही. ते झाड नव्हतं.

ओढ्यापलीकडे पायवाटेवर एक आंबा आहे. त्याची वाळलेली फांदी वाऱ्यानं तुटली. सुगत खालून जात होता. कोणाचा दोष नाही.

एक्केचाळीस नंबर उभंच आहे. तुम्ही बरोबर सांगितलं होतं. जेवत जा. इकडे येण्याचं मनात आणू नका, घाटात दरडी पडल्या आहेत आणि जीपही वेळेवर नसते.

नीलम


अकोला
२५ ऑगस्ट २००४

नीलम बेटा,

तुझं पत्र आलं तेव्हा मी काय केलं ते सांगतो. तू माझ्या तोंडावर थुंकलीस तरी चालेल. मी हातपाय धुऊन वजू केलं आणि अल्लाचे आभार मानायला शुक्रान्याच्या दोन रकात नमाज पढलो. जैनबबी दारात उभी होती. म्हणाली, "शुकराना कायचा? पोरगा तं गेलाच ना."

मग मला इतकी लाज वाटली की मी गच्चीवर जाऊन बसलो. सुगत गेला आणि मी खुश झालो, कशासाठी, तर माझा शब्द खोटा ठरला नाही म्हणून! माणूस म्हातारा झाला म्हणून शहाणा होत नाही.

पण तुझ्यापासून लपवून काय करू? त्या दिवसापासून मी जेवायला लागलो आहे.

पाऊस उघडला की मी येणार. तुझं ऐकणार नाही. तो शेवटी जिथे होता ती जागा मला एकदा पाहायची आहे. तिथे बसून त्याच्यासाठी दुवा मागायची आहे.

अब्दुल गफ्फार


अकोला
२ डिसेंबर २००४

नीलम,

सप्टेंबरात लिहिलं, दिवाळीत लिहिलं, तुझं उत्तर आलं नाही. म्हणून न विचारता गेलो. मूर्तिजापूरला उतरून शकुंतला रेल्वेत बसलो. वहिनीचं घर स्टेशनपासून दहा मिनिटांवर, पण गेलो नाही, म्हटलं परतताना जाऊ. अचलपूर, मग परतवाडा, तिथून जीप. तू कामासाठी अमरावतीला गेली होतीस. नत्थुजी भेटले. भला माणूस. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी काही न विचारता मला दरीत नेलं.

आंब्याजवळ नेतील म्हणून मी त्यांच्या मागे चाललो होतो. त्यांनी मला जांभळाजवळ नेलं.

ते आडवं पडलं आहे, नीलम. बिल्ला अजून ठोकलेला आहे, मी हात फिरवून नंबर वाचला. मधे एका जागी खोड कापून बाजूला केलं आहे. काप तिरपा, फाटलेला, तीनदा करवत अडकलेली. घाईत कापलेलं लाकूड मला कळतं. कशासाठी कापलं तेही कळलं.

मी वेड्यासारखं काय केलं असेल? बोटांनी ते खोड वाजवलं. टणक. लाल गाभा, एक कीड नाही, जसं मी लिहिलं होतं तसंच. मी नत्थुजींवर ओरडलो, "हे झाड पडूच शकत नाही!" त्यांनी माझा दंड धरला आणि खोडाच्या काठाकाठानं मला दुसऱ्या टोकाला नेलं. तिथे मुळं होती. म्हणजे मुळं असायला हवी होती. काळा, ओला चोथा होता. मूठभर हातात घेतला, तर पाणी गळालं आणि हातात काही उरलं नाही. वादळ नव्हतं म्हणे. चार दिवसांच्या झडीनं माती भिजली आणि ते नुसतं आडवं झालं.

बेटा, चाळीस वर्षांत माझ्याकडे किती हजार ओंडके आले असतील. एकालाही मूळ नव्हतं. मूळ जंगलातच राहतं, आमच्याकडे येतं ते वरचं. मी कधी मूळ पाहिलंच नाही. वाजवलं नाही, हुंगलं नाही. जे येतं तेच झाड, असं मी समजत आलो. आणि मी तुला लिहिलं, दहा वर्षं. मुळाचं विचारायचं माझ्या मनातही आलं नाही.

तू मला वाचवायला खोटं लिहिलंस. मी त्या खोट्यावर चार महिने पोटभर जेवलो. परतताना वहिनीकडे जाणं झालं नाही. कोणत्या तोंडानं जाऊ?

सुगतला मी मारलं. हे मी लिहून देतो.

अब्दुल गफ्फार


चिखलदरा
२० डिसेंबर २००४

चाचा,

असं लिहू नका. लिहायचंच असेल तर माझंही नाव लिहा.

तुम्हाला सगळं सांगते. अजून कोणाला सांगितलेलं नाही. जुलैची अकरा तारीख, रविवार. सुगतला थोडा ताप होता, म्हणून मी त्याला तंबूत राहायला सांगितलं. मी निघाले तेव्हा त्यानं हाक मारली. म्हणाला, "ताई, हे झाड वाजून राह्यलं. खालून. काहीतरी करकर करून राह्यलं." मी कान दिला. मला ओढ्याचा आवाज येत होता, दुसरं काही नाही. पण तो सुतार होता चाचा, त्याला ऐकू आलं होतं. आणि मी काय केलं? वहीतून तुमचं पत्र काढलं आणि त्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. चिडवत वाचलं. "गफ्फारच्या शब्दावर बिनघोर झोपा."

तो हसला. म्हणाला, "चाचा म्हंते ना? मंग झालं तं." आणि पांघरूण ओढून घेतलं. दुपारी दोनला मी परत आले.

तुम्ही पत्र लिहिलं तेव्हा तुमच्यासमोर फक्त एक तुकडा होता. माझ्यासमोर अख्खं झाड होतं. मूळ माझ्या पायाखाली होतं. कुजकं लाकूड ओळखणं हे माझं काम, तेच मी शिकले, आणि बुंध्याशी उगवलेली अळंबी मी स्वतः वहीत नोंदवली होती. सुंदर आहे म्हणून चित्रही काढलं होतं. अळंबी आहे म्हणजे खाली काय चाललं आहे हे मला कळायला हवं होतं. मी ती लाकडात राहणाऱ्यांच्या यादीत लिहिली आणि पुढे गेले.

आता वहीत एक्केचाळीस नंबरसमोर "उभे" खोडून "पडलेले" करायचं आहे. पाच महिने झाले, माझ्याच्यानं होत नाही. सरांनी दोनदा विचारलं.

जुलैपासून मी घरी गेलेले नाही. आईची पत्रं शेजारची शालू लिहून पाठवते, मी कामाची कारणं सांगते. तिला हे सांगू नका. मुलगा तुमच्या शब्दावर आणि माझ्या वाचण्यावर गेला, हे ऐकून ती जगेल कशी? माझ्यासाठी एवढं करा.

नीलम


अकोला
१४ जानेवारी २००५

नीलम बेटा,

तुझं ऐकलं नाही. माफ कर किंवा करू नकोस. मी मूर्तिजापूरला गेलो.

चार वेळा मनाशी ठरवलं आणि चार वेळा प्लॅटफॉर्मवरून परत आलो. पाचव्यांदा जैनबबी सोबत निघाली. म्हणाली, "मी बाहेर बसतो, तुमी आत जा." आणि खरंच ओसरीवर बसून राहिली.

वहिनी ज्वारी निवडत होती. मी खाली बसलो आणि सांगायला सुरुवात केली. ढलपी, तुझा प्रश्न, माझं पत्र, दहा वर्षं, मूळ, तू मला लिहिलेलं खोटं, सगळं. काही राखून ठेवलं नाही. ती मान वर न करता खडे वेचत होती. मला वाटलं ऐकतच नाही. मी त्या दिवसापर्यंत आलो, तू पत्र वाचून दाखवलंस तिथपर्यंत, तेव्हा तिचा हात थांबला.

"मंग काय म्हणला तो?"

मी सांगितलं, "म्हणला, चाचा म्हंते ना, मंग झालं तं."

"मंग?"

"हसला. पांघरून घेऊन झोपला."

"झोपला? खरंच झोपला?"

"नीलम तसं लिहिते वहिनी. झोपेतच झालं असन."

तिनं सूप खाली ठेवलं. मी शिव्यांची वाट पाहत होतो. चपलेनं मारलं असतं तरी मी डोकं पुढे केलं असतं. ती म्हणाली, "म्हंजे भेला नव्हता."

मला कळलं नाही. ती म्हणाली, "सहा महिने झाले भाऊ. मले वाटे, झाड येतानी पाह्यलं असन त्यानं. पयाला असन. मले हाक मारली असन. रोज तेच दिसे डोयापुढं. लेकरू किती भेलं असन, किती भेलं असन." मग पदर तोंडाशी धरून म्हणाली, "तुमच्या कागदानं त्याले झोप तं देली."

बेटा, या वाक्याचं मी काय करू? त्या कागदानंच त्याला नेलं. ती त्या कागदाला दुवा देते. मी तिच्यासमोर रडलो, इतका की ओसरीवरून जैनबबी आत आली. दोघी बायकांनी मला पाणी पाजलं. ज्याचा गुन्हा त्यालाच समजावत होत्या.

निघताना तिनं भाकर केली. मी नको म्हटलं तर म्हणाली, "सुगतचे उस्ताद हो तुमी, बिनजेवल्या जासान?" मी ती सगळी भाकर खाल्ली. ती समोर बसून पाहत होती.

मी काही माफ झालो नाही. तू पण होणार नाहीस, आपल्याला दोघांनाही ते घेऊनच राहायचं आहे. पण तिला हे कळायलाच हवं होतं, आणि आपण दोघं आपापला गुन्हा कुरवाळत बसलो होतो. तिला काय पाहिजे ते कोणी विचारलंच नाही.

दारापर्यंत सोडायला आली तेव्हा तिनं मला अजून एक विचारलं. तो कोणत्या कुशीवर झोपला होता? लहानपणापासून डाव्या कुशीवर, गालाखाली हात घेऊन झोपायचा म्हणे. तसाच होता का?

मला ते माहीत नव्हतं. ते फक्त तू पाहिलं आहेस. हे पत्र मिळाल्याबरोबर घरी जा आणि तिला सांग.

अब्दुल गफ्फार